विषाचा पुरावा

वांगं विकत घेतलं की भिंगवाले ते आधी भिंगाखाली धरत. म्हणून तर अख्ख्या बिल्डिंगने त्यांना हे नाव दिलं होतं. ते तिथले सेक्रेटरी. शेतकरी जमीन नासवतात, नद्या नासवतात आणि उरलंसुरलं विष भाजीतून आपल्याला खाऊ घालतात, असं त्यांचं ठाम मत. शेत त्यांनी पाहिलं होतं ते धावत्या गाडीच्या खिडकीतून.

पंचाईत एवढीच, की दर रविवारी फाटकापाशी भाजी विकायला बसणारा शेतकरी त्यांचा सख्खा मेहुणा होता.

"वांगी एवढी चकाकतात कशी रे?"

"आज सकाळीच तोडलीत, भाऊजी."

"उत्तर तयारच! कुठंतरी पाणी मुरतंय," असं पुटपुटत ते घरी आले आणि त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येकाने भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची. मीठ चिमूटभर नाही, ओंजळभर! आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही, खालच्या गुलाबांना घालायचं. पाण्याची नासाडी नको, पर्यावरणाचा प्रश्न आहे.

"अहो, विष उतरलेलं पाणी झाडांना?" बायकोने विचारलं.

"झाडांना काय होतंय? तू मध्ये पडू नकोस."

घरोघरच्या बादल्या खाली येऊ लागल्या. महिन्याभरात गुलाब करपले. दुसरा कोणी हळहळला असता. भिंगवाल्यांना मात्र आनंद लपवता येईना. रविवारी बागेतच त्यांनी सगळ्यांना गोळा केलं.

"हा बघा पुरावा! भाजी धुतलेल्या पाण्याने गुलाब जळतात, मग आपल्या आतड्यांचं काय होत असेल? आजपासून फाटकावर भाजी बंद."

मेहुण्याचा चेहरा पडला. "भाऊजी, एवढं गिऱ्हाईक मोठ्या मुश्किलीने जमवलंय. हे सुटलं तर माल परत दलालाच्या दारात न्यावा लागेल."

"नात्यागोत्याचं मला सांगू नकोस."

भावाचा असा चारचौघांत पाणउतारा झालेला बघून बायकोचे डोळे भरून आले. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि तिला वाफ्यातल्या मातीवरची पांढरी खपली दिसली. तिने बोट टेकवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"अगं थुंक! विष आहे ते!" भिंगवाले किंचाळले.

"विष कसलं डोंबलाचं? मीठ आहे. तुम्हीच घालायला लावलेलं."

चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अरे मेल्या, गुलाबांचं लोणचं घातलंस की!" हशा पिकला. बायका तिथल्या तिथे पिशव्या घेऊन फाटकाकडे वळल्या आणि मेहुण्याने घाईघाईने तराजू पुन्हा मांडला. भिंगवाले पाय न वाजवता घरी गेले.

बायको भाजी घेऊन वर आली, तर स्वारी स्वयंपाकघरात. मिठाची बरणी उघडी आणि तिच्यावर भिंग.

"हे मीठवाले यात काय कालवतात, कोण जाणे! एवढे गुलाब उगाच नाही जळत. कुठंतरी पाणी मुरतंयच."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. तिने बरणी काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली.

जेवताना भिंगवाल्यांच्या ताटात मेहुण्याकडची चकाकती वांगी आली, अगदी अळणी. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने घास घेतला.