डाळीच्या पाण्यातला जीव

"जीव जीवातूनच येते, मामाजी. आपोआप येत नाही, अन् वरून कोणी फुंकूनही घालत नाही," असं शालिकराम सर जेवता जेवता बोलून गेले आणि मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांनी, केशवरावांनी, हातातला घास ताटात ठेवला.

"मंग पयला जीव कुठून आला, जवाईबापू?"

सर सौसरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात कोणी हा प्रश्न विचारला, तर 'पुढच्या वर्गात येईल' म्हणून मोकळे व्हायचे. सासऱ्यांना पुढचा वर्ग नव्हता. सरांनी उठून डाळीचं पाणी खळखळून उकळलं, काचेच्या बरणीत भरलं आणि झाकणाला मेण लावलं.

"यात जीव दिसला, तर मी जामसांवलीच्या मारुतीपर्यंत अनवाणी जातो. नाही दिसला, तर तुम्ही माह्या वर्गात येऊन उत्क्रांतीचा धडा ऐकाचा."

आठवड्याच्या आतच पाण्यावर हिरवट बुरशी आली.

"पाह्यलं? मेण लावलं तरी तो आत गेला!" केशवरावांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत बरणीला हळदकुंकू लागलं. शेजारच्या वंदनाबाई नारळ घेऊन आल्या.

सरांची झोप उडाली. अनवाणी चालायचं दुःख नव्हतं, रस्त्यात विद्यार्थी भेटतील याची धास्ती होती. पुस्तकं उलथीपालथी केल्यावर वाट सापडली. काही सूक्ष्मजीव म्हणे उकळूनही मरत नाहीत!

"जीव आतच होता, मामाजी. झोपून होता."

"झोपवला कोनं?"

सर थकले होते. "समजा, देवानं."

"आता कसं!"

समेट झाला. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी 'विज्ञान आणि धर्म : एकच सत्य' असं दोघांचं जोडभाषणच ठेवलं. बरणी व्यासपीठावर मांडायचं ठरलं.

आदल्या दिवशी दोघं तयारी करत बसले असताना सरांची बायको कुसुम चहा घेऊन आली.

"त्या बरणीचं काय कौतुक करून राहिले तुम्ही? मी दुसऱ्याच दिवशी उघडली होती ना ते! नासलं का म्हणून वास घेतला, खरकट्या चमच्यानं ढवळलं, अन् मेण परत लावून देलं. म्हटलं, तुम्ही रागवान."

सर ताडकन उठले. म्हणजे त्यांचंच खरं होतं! जीव जीवातूनच आला होता, तोही खरकट्या चमच्यावरून! त्यांना नाचावंसं वाटलं. मग शाळेच्या फाटकावर लागलेला भाषणाचा फलक आठवला, त्यावरचं स्वतःचं मोठ्या अक्षरांतलं नाव आठवलं, आणि ते सावकाश खाली बसले.

"चमच्यानं काही होत नसते, कुसुम."

"बरोबर बोलले जवाईबापू," केशवरावांनी मान डोलावली. "तिले काय समजते त्यातलं?"

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्यांना बरोबर म्हटल्याची ही पहिलीच वेळ. सरांचा ऊर भरून आला.

कुसुमनं नवऱ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि चहाचे दोन्ही कप उचलून परत आत नेले.