आधी ठोके

आमच्या प्रसूतिगृहात बाळ जन्मलं की बाहेरून गुजरातीत पहिला प्रश्न येतो, "बाबो के बेबी?" इंदूताई दार किलकिलं करून सांगतात, "ठोका बेस शेतस!" म्हणजे ठोके छान आहेत, आणि दार लावून घेतात. पेढे सांगायचे की जिलबी, हे आजोबांना काही कळत नाही.

पर्वत पाटियाजवळच्या या दवाखान्यात आम्ही दोघी नर्स. इंदूताई धुळ्याकडच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. बाळ पुसून झालं की त्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवतात आणि प्रत्येक ठोक्याला दुसऱ्या हाताचं बोट नाचवतात, म्हणजे डॉक्टरांना नुसतं बघून वेग कळतो. तेवढा वेळ कुणी शिंकायचंसुद्धा नाही. एकदा डॉक्टरच शिंकले, तर ताईंनी त्यांच्यावरही डोळे वटारले. आता मशीन आलंय. बाळाच्या हाताला पट्टी लावली की आकडा दिसतो, पण जरा वेळाने. ताई म्हणतात, "ते आजून डोया चोयी ऱ्हायनं," म्हणजे मशीन अजून डोळेच चोळतंय. वरातीत बँड वाजला तरी यांचं बोट हलतं आणि "भलता फास्ट शे," असा शेरा मिळतो.

घरच्या गोष्टींत मात्र तोंडाला कुलूप. मुलीने मनाविरुद्ध लग्न करून भेस्तानला संसार मांडला, तेव्हापासून तिचं नाव टाकलेलं. "मनी पोर", म्हणजे माझी मुलगी, असं कधीच म्हणत नसत; विषय निघालाच तर, "ती भेस्तानवाली."

परवा ही भेस्तानवाली घराजवळचे सगळे दवाखाने सोडून, कळा सोसत आमच्याकडेच आली. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, हा नियम ताईंनीच केलेला. तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, जावयाकडे पाठ करून.

बाळ रडलंच नाही. ठोके फार मंद होते. डॉक्टर तोंडावर मास्क धरून, फुगा दाबत श्वास देऊ लागले. मी ऐकत होते, बोट हलवत होते. हळूहळू ठोक्यांनी वेग धरला, आणि बाळाने असा टाहो फोडला की डॉक्टरसुद्धा हसले.

मी धावतच बाहेर आले. "ताई, बाळाचे ठोके छान आहेत!"

जावई रडायलाच लागला. ताईंनी माझा हात गच्च धरला.

"ते ऱ्हाऊ दे वं माय," त्या म्हणाल्या. "मनी पोर कशी शे?"