मास्टरांचा साचा

"चाळीस मशीनं? दोन दिवसांत उभी करतो! डोळे मिटून!" असं मास्टर भर हॉलमध्ये म्हणाले, तेव्हा ते खरोखरच डोळे मिटणार आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

विम्याच्या त्या कचेरीत कॉम्प्युटरचं सगळं बघणारे ते एकटेच. दर वाक्यात 'मास्टर इमेज' आल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे, म्हणून नावच पडलं मास्टर. नवी मशीनं आली, तशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सोमवारी सगळं सुरळीत चाललं, तर विभागप्रमुख तुम्ही." झालं! मास्टरांनी तिथूनच बायकोला कळवलं, बायकोने माहेरी कळवलं. आता हे पद हुकलं असतं, तर सासुरवाडीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

काम तसं सरळ. एका कोऱ्या मशीनवर सिस्टिम आणि कचेरीचे प्रोग्रॅम बसवायचे, त्याचा साचा काढायचा आणि तोच बाकीच्या मशीनांवर उतरवायचा. या साच्यालाच म्हणायचं इमेज. पण कोऱ्या मशीनवर सगळं पहिल्यापासून बसवायचं म्हणजे कंबरडं मोडणार!

"माझ्या मशीनवर सगळं तयारच आहे की! त्याचाच साचा काढतो," मास्टर हिशेब बघणाऱ्या ताईंना म्हणाले.

"अहो, पण त्यात तुमचं काही खासगी असलं तर?"

"ताई, तुम्ही बेरजा करा!"

ताईंनी बेरजा केल्या.

सोमवारी सकाळी मास्टर हाताची घडी घालून हॉलच्या मधोमध उभे राहिले. मशीनं सुरू झाली, पडदे उजळले, आणि प्रत्येक पडद्यावर मास्टरच! तळ्याच्या काठी, हाफ चड्डीत, छाती पुढे काढून.

"अगं बाई!" खिडकीवरच्या बाई किंचाळल्या. "आता दिवसभर हेच बघायचं?"

"फोटो आहे तो! बदलता येतो!" मास्टर खेकसले.

अकराच्या सुमाराला हॉल गिऱ्हाइकांनी भरला आणि मशीनं बोलायला लागली. तीही एका सुरात नाही, वर्गातल्या पाढ्यांसारखी मागेपुढे! "अहो, गोळी घेतलीत का? खोटं बोलू नका हं! मला सगळं कळतं!" मास्टर औषध विसरतात म्हणून बायकोने स्वतःच्या आवाजात भरून दिलेली ही आठवण. रांगेतल्या एका आजोबांनी मुकाट्याने खिशातून गोळी काढून गिळली. मास्टर या टेबलावरून त्या टेबलावर धावत सुटले. एकीला गप्प करावं, तर शेजारची विचारायला लागे.

"आमच्या घरी एकच आहे, तरी जीव मेटाकुटीला येतो," एक एजंट हळहळला. "यांची कमाल आहे बुवा!"

अखेर शांतता झाली. मास्टर घाम पुसत केबिनमध्ये शिरले. "साहेब, किरकोळ होतं. आता सगळं आटोक्यात आहे."

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "नव्या कामात व्हायचंच असं."

मास्टरांच्या जिवात जीव आला. खुर्ची अजून शाबूत होती! तेवढ्यात टिंग झालं. साहेबांच्या पडद्यावर, आणि बाहेर सगळ्यांच्याच पडद्यांवर, मास्टरांनी स्वतःसाठी लावून ठेवलेली सूचना उमटली: 'साहेबांची सोमवारची सभा. विनोद सांगतील. हसायचं.' आणि खाली बारीक अक्षरांत: 'मागच्या वेळी हसायला उशीर झाला होता.'

साहेबांनी चष्मा पुसला आणि परत वाचलं. बाहेर सगळ्यांनी माना खाली घातल्या. खरं तर सोमवारी हसायचं हे सगळ्यांनाच पाठ होतं. लिहून ठेवणारा शहाणा तेवढा एकच निघाला.

साहेब उठून हॉलमध्ये आले. मागोमाग मास्टर.

"मंडळी," साहेब म्हणाले, "आपल्या मास्टरांना मी आजपासून विभागप्रमुख करतो आहे."

मास्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "साहेब, तुमचे उपकार मी कसे..."

साहेबांनी चष्मा सारखा केला.

"हसा की, मास्टर. आजही उशीर केलात."