धोंड्याच्या दिवशी गाडीचा आवाज बसला

गाडीच्या विजेचं काम मला कुणी शिकवू नये. देगलूर तालुक्यातल्या निम्म्या ट्रॅक्टरांचे दिवे या हातांनी लावलेत. जे विझले ते माझ्यामुळं नाही. म्हणून अधिक महिन्यात धोंडे खायला आलेला आमचा नवा जावई संगमेश्वर म्हणाला, की गाडीतला मागचा एक स्पीकर मुका झालाय, तेव्हा मी लगेच चावी मागून घेतली. ताट वाढेपर्यंत आवाज हजर करतो, असंही सांगून बसलो.

संगमेश्वरला गाडीचं वेड फार. आमच्या लेकीला, वर्षाराणीला ताप आला तर तो गोळी देतो, गाडीला खोकला आला तर उदगीरचं गॅरेज गाठतो.

मागची सीट उचलली. स्पीकरच्या दोन तारांपैकी एक उंदरानं कुरतडलेली. नवी तार ओढत कोण बसणार? ट्रॅक्टरच्या दिव्याला आम्ही एकच तार नेतो, परतीचं काम लोखंडी बॉडी करते. तसंच स्पीकरकडचं आणि पुढच्या म्युझिक सेटकडचं, दोन्ही तुटकी टोकं मी सीटखालच्या स्क्रूला आवळली आणि ऐटीत सेट चालू केला.

मघाशी एक मुका होता, आता चारही मुके! आवाज पार शेवटपर्यंत वाढवला, तरी गाडी मौनव्रत धरल्यासारखी गप्प.

मी घाबरून सेट बंद केला. बसस्टँडजवळच्या कारटेपवाल्या जिलानीला फोन केला आणि खिडकीतून बायकोला, लक्ष्मम्माला खुणावलं, की जेवण लांबव. आमच्याकडं जावयाला धोंडे सासऱ्यानंच वाढायचे असतात. त्यामुळं ती बाकीचंच वाढत राहिली. भजी झाली, कुरडया झाल्या, पुन्हा भजी झाली. शेवटी जावयानं विचारलं, मामा कुठं हायेत? लक्ष्मम्मा म्हणाली शेतात, त्याच क्षणी वर्षाराणी म्हणाली गाडीत.

जावई हात धुऊन उठला. वर्षाराणी धावत माझ्याकडं आली. डोळे भरलेले.

"अप्पा, ते निघायचं म्हणून राहिले. मला हितंच ठेवून. म्हणतेत, सासरा तोंड लपवतो, हितं मान न्हाई. परसात जाऊन आत्याबाईला, त्यांच्या आईला फोन लावलाय."

लेकीचा संसार माझ्या एका स्क्रूवर येऊन टेकला होता.

तेवढ्यात जिलानी आला. त्यानं सीटखाली वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"चाचा, ही बॉडीला कुणी लावली?"

"एक तार बॉडीलाच असते की."

"दिव्याची असते. जुन्या टेपची बी असायची. ह्या सेटातल्या चिपमध्ये शेवटच्या टप्प्यात, दर स्पीकरला जोर देणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्या असतेत. एक ढकलती तवा दुसरी ओढती, मग उलटं. बारा व्होल्टातून एवढा आवाज उगीच निघतो का? दोन्ही तारा जित्या हायेत. करवत दोघांनी ओढायची असती, तुम्ही तिचं एक टोक झाडाला बांधलं."

"मग जळली का रे?"

"शहाणी हाय. जळायच्या आधी गप बसली."

म्हणजे चिपचा नि जावयाचा स्वभाव एकच. पण चिपला मनवणारा जिलानी होता. त्यानं स्क्रू काढला, तुटकी तार नीट जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि सेट पुन्हा चालू केला.

मी वाढवलेला आवाज कमी करायचा राहून गेला होता. शिवाय ओळखीचा फोन जवळपास दिसला, की तो सेट आपणहून जोडून घेतो, हे मला कुठं ठाऊक! परसात चाललेलं बोलणं त्यानं उचललं आणि चारही स्पीकरांतून विहीणबाई गल्लीत अवतरल्या.

"सासरा ताटावर आला न्हाई म्हणून उठलास? तुझा बाप माझ्या माहेरी असाच रुसला हुता. कुणी मनवलं न्हाई, तवा रात्री चुलीपाशी जाऊन शिळी भाकर खाल्ली. गुमान बस जेवायला. वर्षाराणीला सोडून आलास, तर दार उघडणार न्हाई मी."

परसातून जावई ओरडत होता, आई हळू, आई हळू. पण ऐकून घेणारा माईक गाडीत होता. समोरचा गुरुपादप्पा दाढी अर्धी सोडून दारात आला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

संगमेश्वर मान खाली घालून पाटावर बसला. मी धोंडे वाढले, त्यानं खाल्ले, मागून घेऊन खाल्ले. संध्याकाळी वर्षाराणी गाडीत पुढं बसूनच गेली.

विहीणबाईंना सगळं कळलं. आता त्या मला फोन करतात, तेव्हा आधी विचारतात, जवळ कोण ऐकून राहिलंय का? मी म्हणतो, कुणी न्हाई. मग त्या मला सुनावायला सुरुवात करतात.