अण्णा ओझं खाली ठेवत नाहीत

भांगे अण्णा हातातलं ओझं खाली ठेवत नाहीत. हे वाचून तुम्हाला विशेष काही वाटणार नाही, कारण तुम्ही त्यांच्याशी रस्त्यात बोलत उभे राहिलेला नाहीत. मी राहिलो आहे. त्यांच्या एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, काखेत तेलाचा कॅन, आणि ते मला करमाळ्याच्या बाजारातला उडदाचा भाव सांगताहेत. डोक्यावर सोलापूरचं ऊन. शेजारीच कट्टा, सावलीतला. त्यावर डबा टेकवला तर कुणाच्या बापाचं काही जाणार नाही. मी म्हणतो, "अण्णा, ठेवा की खाली." ते म्हणतात, "ऱ्हाऊ द्या मास्तर. हलकंच हाय." मानेच्या शिरा टरटरून फुगलेल्या असतात आणि उडदावरून गाडी तुरीवर आलेली असते.

आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो तेव्हा वास्तुशांतीला अण्णा पितळी कळशी घेऊन आले होते. ती त्यांना माझ्या बायकोच्याच हातात द्यायची होती आणि बायको आत पुऱ्या तळत होती. मी चटकन सतरंजीवर जागा करून दिली, पण अण्णा कळशी मांडीवर घेऊन बसले आणि तिच्यावरूनच बशीतला चहा प्यायले. पाहुण्यांना वाटलं, कळशीत काहीतरी आहे.

आमच्या बिल्डिंगला लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत आम्ही मोडक्या सायकली आणि गणपतीचं मखर ठेवतो. पाणी येतं ते बिल्डरच्या शब्दासारखं, अधूनमधून. त्यातून मोटार जळली की सगळी बिल्डिंग घागरी घेऊन जिन्यात. आम्ही शहाणी माणसं दर वळणावर घागर टेकवतो, पायरीवर बसतो, नशिबाला शिव्या देतो, मग उठतो. अण्णा दोन्ही हातांत भरलेल्या घागरी घेऊन आमच्या मागे तसेच उभे. आम्ही उठेपर्यंत. त्यांच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे आम्ही शेजारी.

यावर माझं मत असं होतं की माणूस चिकट आहे, वस्तू चोरीला जाईल म्हणून भितो. बायकोचं म्हणणं, नवस असणार. मी तिला म्हणालो, असला नवस कुठला देव मागेल? ती म्हणाली, देवांचं तुम्हाला काय माहीत. तिथे तो विषय संपला.

अण्णा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. साठी ओलांडलेली, अंगावर मांस म्हणून नाही. चिंचोळीच्या एका कारखान्यात गेटवर बसून कामगारांची हजेरी घेण्यात सगळी नोकरी गेली. पेनापेक्षा जड काही उचलायची वेळ आली नाही, असं ते स्वतःच सांगतात. मूलबाळ नाही. बायको कमल, करमाळ्याची, तिथल्या कमलाभवानी देवीवरून ठेवलेलं नाव. आम्ही यायच्या आधीच ती वारली होती. मी चौकशी केली तेव्हा लोकांनी "हार्टनं गेली" एवढंच सांगितलं, नळ गेला म्हणून सांगावं तसं. अण्णांच्या घरात तिचा फोटो आहे. त्यात ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुणाकडे तरी बघून हसते आहे.

गेल्या हिवाळ्यात दुधाच्या दुकानाबाहेर एक फलक लागला. चिंचोळीकडच्या एका माळावर ऑब्स्टॅकल रेस. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि स्नेहसंमेलनात अडथळ्यांची शर्यतही माझ्याच गळ्यात असते. पोरं शिडीतून सरपटतात, टायरमधून घुसतात आणि दोरीला टांगलेलं बिस्कीट तोंडाने तोडताना रडतात. हे सगळं पैसे भरून करण्यासाठी मोठी माणसं चिखलात उतरणार होती. व्यायाम करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासूनच संशय येतो. हे तर त्याही पुढचं होतं.

त्याच संध्याकाळी अण्णा दारात. हातात अर्थातच पिशवी.

"मास्तर, त्या शर्यतीत पोतं न्यायचं हाय," ते म्हणाले.

मी त्यांना वय विचारलं. साठीच्या वरच्यांनाही घेतात, हे ते विचारून आले होते. मात्र सोबत घरचं माणूस लागतं. मी भिंत सांगितली, जाळी सांगितली, चिखल सांगितला.

"ते करू की कसंबी. मला फकस्त पोतं न्यायचंय. शेवटापातूर. मधी कुटं खाली न ठिवता."

बाकी त्यांना काही नको होतं. नंबर नको, पदक नको. असली मागणी मी याआधी ऐकली नव्हती, त्यामुळे नाही कसं म्हणायचं तेही सुचलं नाही.

सराव सुरू झाला. अण्णांनी ज्वारीचं पोतं आणलं. धूळ उडते म्हणून बायकांनी कुरकूर केली तेव्हा ते जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलं. रोज दिवेलागणीला अण्णा ते पोतं घेऊन तिसऱ्या मजल्यावरून गेटपर्यंत उतरायचे. खांद्यावर नाही, पाठीवर नाही, दोन्ही हातांवर आडवं धरून. पायाखालची पायरी दिसायची नाही, तिथे पाऊल चाचपायचे. पोरं वरून टाळ्या वाजवायची. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्यांना पैलवान म्हणायला लागले. मी एकदा शहाणपणाने सांगितलं, हमाल पोतं पाठीवर घेतात, अण्णा, त्यात कमी त्रास होतो. ते म्हणाले, "पाठीवर न्हाय. असंच न्यायचं."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बरोबर आमच्या दारासमोर जिना वळतो आणि बरोबर तिथेच अण्णा थांबायचे. डोळे मिटून भिंतीला टेकून उभे राहायचे, पोतं छातीशी. बायकोने एकदा चपलांचा स्टँड सरकवून जागा केली आणि म्हणाली, भावजी, इथे ठेवा घटकाभर, आपलंच घर आहे.

अण्णांनी डोळे उघडले. "हितं तर न्हाईच," एवढंच म्हणाले आणि उतरायला लागले. बायकोला ते लागलं. दोन दिवस तिने अण्णांचं नाव काढलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. माळावर भोंगा, मंडप, घट्ट कपड्यातली तरणीताठी पोरं-पोरी. त्यांच्यात अण्णा, बंडी घातलेले, लेंगा मोज्यात खोचलेला, डोक्याला टोपी. टेबलावरच्या मुलीने मी कोण विचारलं. मी शेजारी म्हणणार तेवढ्यात अण्णांनी सांगून टाकलं, "ह्यो माझा धाकटा भाव." खोटं होतं, पण ऐकायला वाईट नव्हतं.

शिट्टी झाली आणि अण्णा लगेच शेवटचे झाले. टायरमध्ये पाय अडकला. जाळीखाली टोपी राहिली, ती घ्यायला ते परत सरपटत मागे गेले. भिंतीवर लोकांनी खालून ढकललं तेव्हा वर जाऊन घोड्यावर बसावं तसे बसून राहिले. पलीकडच्या चिखलात पडले ते उठताना काळ्या मातीचेच दिसत होते. लोक हसत होते. मीही हसलो, कारण हसण्यासारखंच होतं.

मग वाळूची पोती आली. पोतं उचलायचं, लांबच्या पिंपाला वळसा घालून झेंड्यापाशी आणून टाकायचं आणि शेवटच्या रेषेकडे पळायचं. पोरं पोतं खांद्यावर घ्यायची, दमली की आपटायची, पुन्हा घ्यायची. अण्णांनी ते दोन्ही हातांवर आडवं घेतलं, एक हात मानेखाली द्यावा तसा. आणि चालायला लागले. पिंपाशी गुडघे वाकले. मला वाटलं, गेलं. पण नाही. झेंड्यापाशी येईपर्यंत सगळा मंडप टाळ्या वाजवत होता आणि भोंग्यावरचा मुलगा म्हणत होता, "आजोबा, ठेवा आता, ठेवा आणि पळा."

अण्णांनी पोतं ठेवलं नाही. झेंडा मागे टाकला, बाजूची फीत कमरेनेच ढकलली आणि माळाच्या कडेला निघाले. तिथे लिंबाखाली रुग्णवाहिका उभी होती, मागचं दार उघडं टाकून. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. मी धावलो. मी पोचलो तेव्हा अण्णांनी पोतं आतल्या स्ट्रेचरवर निजवलं होतं आणि त्याचं एक टोक सरळ करत होते. ड्रायव्हर भाकरीचा घास हातात धरून बघत राहिला होता.

अण्णा गाडीच्या पायरीवर बसले. दोन्ही हात मांडीवर उपडे.

"तवा स्ट्रेचर जिन्यात वळंना, मास्तर," ते म्हणाले. "म्हणून मीच उचलली कमलला. खाली गाडी हुतीच, अशीच, दार उघडून. तुमच्या दारापातूर आणली. तवा तुमच्या घराला कुलूप असायचं. तीच म्हणली, दमलाव तुमी, ठिवा मला जरा. म्हणून ठिवली. श्वास घेतला आन् परत हात घातला, तर मान कलली."

मी म्हणालो, अण्णा, तुम्ही ठेवली नसती तरी तेच झालं असतं.

"व्हय, डाक्टरबी तेच म्हणले." ते पोत्याकडे बघत होते. "पण हलकी हुती हो. लई हलकी हुती. न्यायला पायजे हुती मी."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. इतके दिवस हा माणूस रोज आमच्या दारासमोर उभा राहत होता आणि आम्ही त्याला तिथेच ओझं ठेवायला सांगत होतो.

पदक मिळालं नाही. शेवटची रेष त्यांनी ओलांडलीच नव्हती. आयोजकांनी एक केळं दिलं, ते अण्णांनी मला दिलं. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने चपलांचा स्टँड आत घेतला आणि जिन्याचं ते वळण धुऊन काढलं. तेव्हापासून ती रोज ते स्वतः पुसते, झाडणारी बाई येऊन गेली तरी.

मला वाटलं होतं, आता अण्णा सुटले. ज्वारी त्यांनी दळून आणली हे खरं, पण बाकी काही बदललं नाही. परवा बाजारातून येताना भेटले, हातात मोठी पिशवी, बोटं पांढरी पडलेली. नात्यातल्या कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते. आता मी त्यांना खाली ठेवा म्हणत नाही. पिशवीचा एक बंद मी माझ्या हातात घेतो, दुसरा त्यांच्याकडे असतो. मग आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहतो, मधे पिशवी लोंबकळत, आणि जाणारे-येणारे आम्हाला वळसा घालून जातात.

"जड हाय का वो, मास्तर?" अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही अण्णा. हलकंच आहे."