लाईनवर राहा

नोरीनने नगरपालिकेला फोन लावला तो भावाला पुरायला जागा मागायला, आणि पलीकडून बोलू लागला तो भाऊच.

"या, या! ही आम्हा आदिवासींच्या वाडवडिलांची भूमी. तुम्ही आमचे पाहुणे. निवांत बसा. लाईनवर राहा."

नोरीनच्या हातून फोन टेबलावर पडला. गेल्या वर्षी पालिकेची माणसं घरी येऊन, फोनवर ताटकळणाऱ्यांचं स्वागत करायला हा आवाज भरून घेऊन गेली होती, हे ती पार विसरली होती. बदल्यात भावाला एक टोपी मिळाली होती. नोरीनच्या लोकांत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत, गेलेल्या माणसाचं नावसुद्धा तोंडातून काढत नाहीत, मग आवाज ऐकणं तर दूरच. आणि हा बाबा स्पीकरवर खणखणीत बोलत होता.

"आत्या, बंद कर ना ते!" भावाची मुलगी टॅनिया कानात बोटं घालून ओरडली.

"बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागेल, बाई."

तेवढ्यात ब्रॉनविन नावाची कुणी लाईनवर आली. शुक्रवारी भावाला नदीच्या वळणावर आईशेजारी ठेवायचंय, हे ऐकून ती हळहळली. "अय्या, म्हणजे हे ते आजोबा? रोज ऐकते हो मी त्यांना! अंगावर काटा येतो. पण जागेचं माझ्याकडे नाही. उद्यानवाल्यांना जोडून देते."

"अहो, जोडू नका—"

"या, या! ही आम्हा आदिवासींच्या..."

टॅनिया रडत परसात निघून गेली. नोरीनला तिच्यामागे जायचं होतं, पण फोन सोडायची सोय नव्हती.

उद्यानवाला निघाला तिरसट. "ते पुराण ऐकावं लागलं ना तुम्हाला? सॉरी हं. लोक जाम वैतागलेत. म्हणतात, आम्हीही ऑस्ट्रेलियनच की, आमच्याच देशात आमचं स्वागत कसलं करता!"

"तो माझा भाऊ आहे."

"अं? नाही, म्हणजे... आवाज छानच आहे. मी साहेबांनाच देतो."

भावाने तिसऱ्यांदा स्वागत केलं. नोरीनच्या डोळ्यांतून आता संतापाने पाणी येत होतं.

"आंटी नोरीन!" ग्रॅहम पिकेट साहेब अगदी प्रेमाने म्हणाले. "कळलं मला. फार वाईट झालं. पण वळणावर नाही हो जमायचं. पालिकेची जमीन आहे ती."

"तुमचा फोन तर वेगळंच सांगतोय."

"ते आपलं सन्मानाने म्हणायचं असतं. बरं, शुक्रवारी तिथेच आपल्या नव्या सहलीच्या जागेचं उद्घाटन आहे. स्वागताला तुमचे भाऊ येणार होते. आता तुम्हीच या ना! दोनच शब्द बोलायचे. टोपी देऊ."

"माझी आई आहे तिथे! तिच्या डोक्यावर तुम्ही सॉसेज भाजणार?"

"शेगड्या जरा बाजूला आहेत, आंटी."

नोरीनने दात-ओठ खाल्ले. "निदान तो आवाज तरी काढा. आत्ताच्या आत्ता."

"काढला असता हो. पण ज्येष्ठांच्या शब्दाला आम्ही परस्पर हात लावत नाही. ज्यांचा आवाज, त्यांची संमती लागते."

"तो मेलाय, ग्रॅहम."

"हो ना, तिथेच घोडं अडलंय."

नोरीनने एप्रनच्या गाठीला हात घातला. मग म्हणाली, "बरं. विचारून येते त्याला."

तिने फोन चालूच ठेवून किटलीला टेकवला, पदार्थांचे डाग पडलेला एप्रन सोडला आणि पडवीतून दोन फावडी उचलून परसाच्या दारातून टॅनियाला हलक्या आवाजात हाक मारली.

"टॅन, गाडी काढ. चुलतभावांनाही बोलाव. खड्डा आजच खणायचा. शुक्रवारी त्यांनी फीत कापायच्या आधी आपला माणूस आईशेजारी असला पाहिजे."

"परवानगी दिली त्यांनी?" टॅनियाने डोळे पुसत विचारलं.

"ते थांबलेत आपल्यासाठी."

टेबलावरून बारीक आवाज आला, "हॅलो? आंटी? किती वेळ लागेल?"

नोरीन दारातून मागे वळली. भावाच्याच सुरात तिने हाळी दिली, "निवांत बसा! तुम्ही आमचे पाहुणे."

आणि तिने दार ओढून घेतलं.