बारा घरांची राजभाषा

इंग्रजी ही सोसायटीची राजभाषा करावी, हा ठराव सेक्रेटरी गोपाळकृष्ण पोतनिसांनीच मांडला होता. फ्रीगंजातल्या त्या बारा घरांत सूचना मराठीत लागली की शैलेंद्रजी तिवारी फुगून बसत, हिंदीत लागली की मराठी मंडळी. "इंग्रजी कुणाच्याच बापाची नाही, मग रुसणार कोण?" पोतनीस म्हणाले. आपल्याला इंग्रजी येत नाही हे चारचौघांत कबूल कोण करणार? ठराव एकमताने पास झाला.

पुढच्याच आठवड्यात नळ कोरडे पडले. टँकर हवा तर घरटी एक अर्ज जोडा, असं पाण्याच्या कचेरीने कळवलं. पोतनिसांनी ठरावाप्रमाणे इंग्रजीत अर्ज मागवले आणि वाचून कपाळाला हात लावला. अकराच्या अकरा जणांना ताप आला होता आणि सगळ्यांना दोन दिवसांची रजा हवी होती! शाळेत घोकलेला इंग्रजी अर्ज तेवढा एकच. हेडमास्तर खोडून प्रत्येकाने तिथे 'साहेब' लिहिलं होतं.

"अहो, उद्या सकाळी अकरा वाजता इंदूरचे लोक आपल्या निहारिकेला बघायला येऊन राहिलेत. घरात दोन बादल्या पाणी आहे, बस!" पोतनिसांच्या पत्नी जयूबाई कडाडल्या.

पोतनीस दुपारभर घाम गाळत बसले. शेवटी कागदावर त्यांनाही तापच आला. बारा अर्जांचा गठ्ठा कचेरीत गेला आणि तिथून थेट आरोग्य खात्यात.

सकाळी दहाला टँकर नाही, डास मारायची धुराची गाडी आली, सोबत आरोग्य खात्याचे साहेब. गल्ली धुराने भरली. डासांच्या अळ्या नकोत म्हणून जयूबाईंच्या दोन्ही बादल्याही गटारात ओतल्या गेल्या. पोतनिसांना रडूच यायचं बाकी होतं.

"साहब, बुखार किसी को नहीं है! पानी नहीं है, पानी!"

"तो हिंदी में लिखकर दो, अभी टँकर बुलवाता हूँ," साहेब म्हणाले.

सगळी सोसायटी बघत होती. पोतनीस तिवारींकडे वळले. "शैलेंद्रजी, जरा लिखवा दो ना."

तिवारींनी गालातल्या गालात हसत मजकूर सांगितला. पोतनिसांनी तो निमूटपणे उतरवला. साहेबांनी लगेच फोन लावला, पण पोतनिसांची खुमखुमी काही जिरेना.

"साहब, आपको तो अंग्रेजी आती है. बारह के बारह को एक ही बुखार, इतना भी शक नहीं हुआ?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"भैया, अंग्रेजी की वही एक चिट्ठी तो हमें भी आती है. पहली बार दफ्तर में कोई कागज पूरा समझ में आया, तो हम दौड़े चले आए."